सिरपूरच्या पाळीवर वीस मिनिटं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ५१ वर्षांची आहे, इंदूरला सुदामा नगरात राहते. घरी मिस्टर, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ८३ वर्षांच्या सासूबाई. पडल्यापासून सासूबाईंचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. दिवसभरात माझा म्हणावा असा वेळ एकच, पहाटेचा पाऊण-एक तास. डिसेंबरपासून मी स्कूटरने सिरपूर तलावावर जाते. सगळे सांगतात, पहाटे निसर्गात गेलं की मन शांत होतं. माझं होत नाही. मी भराभर चालते, मोबाइलवर पावलं मोजते, कानात ध्यानाचं ॲप लावते, सूर्य वर आला की फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकते. डोक्यात मात्र डायपर संपलेत, गॅस नोंदवायचाय, आज भाजी काय करू, हेच. त्यात धार रोडच्या ट्रकचे हॉर्न, डोक्यावरून जाणारी विमानं. घरून पळून आल्यासारखं वाटतं ते वेगळंच. गेले दोन महिने रोज साडेतीनलाच जाग येते. समोर एवढं सुंदर पाणी आहे आणि मला काहीच वाटत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

— सुदामा नगरची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुमच्यात काहीही कमी नाही. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण हे आजच वाचायला हवं म्हणून पहिल्या ओळीत लिहिते आहे.

पहाटे डोक्यात याद्या सुरू होतात, तो तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरातलं कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. दिवसाच्या कामाला अंग तयार व्हावं म्हणून शरीर रोज हे करतं. जिच्या दिवसात दुसऱ्या माणसाला उचलणं, पुसणं, भरवणं आहे, तिचं शरीर तयारीला लागलं की त्यातून यादीच निघणार. ती यादी डोक्यात घेऊनच तुम्ही तलावावर जाता आणि मनाला गप्प बस म्हणता. ते बसत नाही, मग स्वतःवर रागावता. रोज पहाटे स्वतःला नापास करून घरी परतायचं आणि लगेच सासूबाईंची पाठ पुसायला घ्यायची, हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं.

माझी एक गोष्ट सांगते. माझे वडील अखेरच्या आजारात होते ते वर्ष आम्ही रामबागेतल्या जुन्या घरी काढलं. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागे, पहाटेनंतर झोप येत नसे. अंगणात पारिजातक होता. आश्विनात त्याखाली आम्ही वर्तमानपत्र पसरून ठेवायचो, बाबांच्या देवपूजेची फुलं मातीत पडू नयेत म्हणून. एका पहाटे मी पायरीवर बसले होते, तेव्हा कागदावर अगदी हलकासा ‘टप’ आवाज आला. फूल पडल्याचा. एवढं हलकं फूल, पण त्याचाही आवाज होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मग पुढचा आवाज ऐकायचा म्हणून मी बसून राहिले. बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप. दुसऱ्या दिवशी त्याचसाठी बसले, तिसऱ्या दिवशीही. बाबांचं काय होणार, ही काळजी तशीच होती. औषधांची बिलं, भावाशी झालेलं बोलणं, सगळं डोक्यात होतं. पण त्या दोन आवाजांच्या मधल्या वेळात मी पूर्ण तिथे असायचे. शांत व्हायला म्हणून मी त्या पायरीवर एकदाही बसले नव्हते. मला फक्त फूल पडताना ऐकायचं होतं.

तुम्हाला सांगायचं आहे ते यातच आलं. सिरपूरला शांतता आणायला जाऊ नका. तिथे पहाटे पुष्कळ काही चाललेलं असतं, त्यातलं एखादं ऐकायला जा. मन रिकामं करणं माझ्या तरी कधी आवाक्यात आलं नाही. मन बाहेरच्या एखाद्या गोष्टीला लावणं मात्र थकलेल्या माणसालाही जमतं.

आपल्या इंदूरकरांना अहिल्याबाईंचं नाव घ्यायला निमित्त लागत नाही, तरी इथे ते खरोखर कामाचं आहे. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने अहिल्याबाईंचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. त्या उजाडण्याआधी तासभर उठत, प्रार्थना आणि नित्यकर्मं करत, मग ठरलेला वेळ ग्रंथवाचन ऐकत, दानधर्म करत, ब्राह्मणांना स्वतःच्या हाताने अन्न देत. दरबाराचं काम दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होई. घरातली एकामागून एक माणसं गेलेली आणि सगळ्या राज्याची जबाबदारी अंगावर, अशा बाईची ही सकाळ. तिच्यात मन रिकामं करायचा तास कुठे दिसत नाही. ओठांना प्रार्थना होती, कानांना ग्रंथ होता, हातांना वाढणं होतं. आपल्या घरांतल्या भूपाळ्या आणि कार्तिकातल्या काकडआरत्याही तशाच. त्यांत कुणी डोळे मिटून स्वतःच्या डोक्यात डोकावत बसत नाही, आवाज कुणाला तरी जागं करायला निघालेला असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

चालणं आणि बसणं एकाच वेळी करू नका. चालणं गुडघ्यांसाठी, साखरेसाठी उत्तम आहे, ते सोडा असं मी म्हणत नाही. पण आठवड्यातले तीन दिवस चालणं संध्याकाळी ढकला, आणि त्या तीन पहाटे तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, एक जागा ठरवून नुसतं बसा. जागा रोज तीच. पाठीला झाड किंवा भिंत मिळाली तर बरं, खाली घ्यायला जाडसर आसन न्या, अंगावर शाल घ्या. ध्यानाचं ॲप आणि इअरफोन घरी ठेवा. फोन जवळ असू द्या, घरून कधीही निरोप येऊ शकतो, पण तो पिशवीत, चेन लावून. फोटोबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पहिला महिना एकही काढू नका. ग्रुपवर टाकायचं आहे हे ठरलं की समोरचं पाणी आधी ग्रुपच्या नजरेतून दिसू लागतं, आपल्या वाट्याला उरतं ते थोडंच.

अंधारात मात्र जाऊ नका. एकट्या बाईने सुनसान पाळीवर पाच वाजता बसण्यात काही पुण्य नाही, मोकाट कुत्र्यांचीही भीती असते. ब्राह्ममुहूर्ताचा हिशेब मनातून काढून टाका. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. ज्यांना साधतो त्यांना साधू दे. सध्या फाल्गुनात इंदुरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधीपासून रस्ता नीट दिसायला लागतो. तुम्ही सव्वासहाला घर सोडलंत तरी काही हुकत नाही. आपल्याकडे कर्कवृत्त जवळ असल्याने उजेड भराभर वाढतो. तो वाढताना पाहायला वीस मिनिटं पुरतात.

ती वीस मिनिटं कशी जातात ते लिहिते, म्हणजे पहिल्या दिवशी अगदी परकं वाटणार नाही.

पोचल्यावर सुरुवातीला काहीच होणार नाही. खरं तर तुम्ही पोचल्याने जे चाललं होतं ते थांबलेलं असतं. टिटवी ओरडत उठते आणि सगळ्यांना सांगते की माणूस आलं. काठाजवळची जांभळी पाणकोंबडी गवतात सरकते. या वेळात तुमची यादी जोरात चालू असेल. चालू द्या, तिच्याशी भांडू नका. फक्त एवढंच शोधा की आत्ता सगळ्यात लांबून येणारा आवाज कोणता. डोळ्यांना अजून नीट दिसत नसतं, म्हणून सुरुवात कानांनी करायची. शेवटच्या हाका देणारा एखादा पिंगळा ऐकू येईल. भारद्वाजाचा खोल ‘कूप-कूप’ आवाज कुठून येतो ते लवकर कळत नाही, त्याचा माग घेण्यातच दोन मिनिटं जातात. आणि या दिवसांत दयाळ गायला लागलेला असतो. काळापांढरा, बुलबुलाएवढा पक्षी, झाडाच्या किंवा खांबाच्या टोकावर बसून उजाडण्याच्या आधीपासून शीळ घालतो. नीट ऐका, तो लकेरी बदलत राहतो. पक्ष्यांचे अभ्यासक पहाटेच्या या गाण्याची कारणं सांगतात. उजेड कमी असल्याने किडे टिपणं अवघड असतं, मग तो वेळ गाण्याला जातो. हवा स्थिर असल्याने आवाज लांबवर पोचतो. आणि रात्र पार पडली, मी अजून आहे, ही जागा माझी आहे, हे शेजारच्या नरांना ऐकवायचं असतं. एवढ्याशा जिवाने रोज सकाळी आपण असल्याची अशी वर्दी द्यावी, हे मला फार आवडतं.

मग पाण्याकडे बघा. गार पहाट असेल तर पृष्ठभागावर पातळ धुकं सरकत असतं. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याची वाफ वरच्या गार हवेत आली की तिचं धुकं होतं. ‘शब-ए-मालवा’ म्हणून आपल्या रात्रींचं कौतुक होतं, तिचा सगळ्यात गार तुकडा मध्यरात्रीचा नसतो. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, म्हणून सूर्योदयाच्या आसपासच सर्वांत जास्त गारवा असतो. शाल त्यासाठीच सांगितली. गालाला तो गारवा लागतो तेव्हा आपण कुठे आहोत ते आपोआप कळतं, त्याला ॲप लागत नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी, तुम्ही हलला नसाल तर, पाणवठा तुम्हाला विसरतो. मघाची पाणकोंबडी बाहेर येते. शेकाट्या लांब गुलाबी पायांनी चिखलात चालू लागतो. पाणकावळा खुंटावर पंख पसरून बसतो, कारण त्याची पिसं बदकांसारखी पाणी झटकत नाहीत, ती वाळवावी लागतात. आणि वारकरी पाहा. काळं अंग, चोच आणि कपाळ पांढरं, टिळा लावल्यासारखं. मराठीत त्या पक्ष्याचं नावच वारकरी. ते थव्याने तरंगतात, आणि उडायचं झालं की आधी पाण्यावरून धपाधप पळत सुटतात. मला त्यांचा तो पळण्याचा आवाज ऐकल्याशिवाय सिरपूरची सकाळ झाली असं वाटत नाही.

हे सगळं एका दिवशी दिसणार नाही. काही दिवशी काहीच दिसणार नाही आणि तुम्ही वीस मिनिटं गॅस सिलिंडरचाच विचार करून परताल. तो दिवसही मोजा, तुम्ही तिथे होतात.

ट्रक आणि विमानांचं लिहिलंत. सिरपूरला धार रोड आहे आणि विमानतळही लांब नाही, तो आवाज जाणार नाही. पण तुम्ही ज्याला निसर्ग म्हणून भेटायला जाता तो तलावच मुळी माणसाने केलेला आहे, होळकरांच्या काळातला. पुढे त्याची पार दुर्दशा झाली होती. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ या संस्थेच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागून तो राखला. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि २०२२ साली सिरपूर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. इंदूरजवळचा यशवंत सागर तलावही त्याच वर्षी गेला. आपल्याच शहरातली माणसं आधी या पाळीवर येऊन बघत बसली, म्हणून आज तुम्हाला बसायला पाळ आहे. त्यामुळे ट्रकचा हॉर्न आला की त्याला उपरा समजू नका. लांबचा आवाज, जवळचा आवाज अशी जी मोजणी चालली आहे तिच्यात तोही घ्या. हॉर्न थांबल्यावर सगळ्यात आधी काय ऐकू येतं, एवढं बघा. माझ्या अनुभवात तो क्षण पुष्कळदा सगळ्यात स्वच्छ असतो.

आता पळून आल्यासारखं वाटतं, त्याबद्दल.

याला पाण्याकाठी उत्तर नाही, घरातच आहे. तुम्ही बहुधा कुणालाही न सांगता, सगळे झोपलेले असताना निघता. सासूबाईंना जाग आली तर काय, ही धास्ती सोबत घेऊन बसता. अशा बसण्याला बसणं कसं म्हणायचं? मिस्टरांना आणि मुलाला समोर बसवून स्पष्ट सांगा: मंगळवार, गुरुवार, शनिवार सहा ते सव्वासात आईंची जबाबदारी तुमची. पाणी पाजायचं, कूस बदलायची, डायपर बदलायचा, चहा द्यायचा. कूस कशी बदलतात ते एकदा हाताला धरून दाखवा. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे जमतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं एवढंच. पहिल्या दिवशी चादर चुकीची घातली जाईल, सासूबाई तक्रार करतील. त्या दिवशी घरी आल्यावर चादर पुन्हा घालू नका. मला माहीत आहे की हे लिहिणं सोपं आहे. पण रोज चोरून घेतलेल्या तासापेक्षा, आठवड्यातले तीनच का होईनात, सांगून घेतलेले तास मला मोलाचे वाटतात.

आणि जाताना सासूबाईंना सांगून जा. आल्यावर काय पाहिलं ते एक वाक्य सांगा, अगदी ‘आज वारकरी खूप होते’ एवढंच. त्या खोलीत बाहेरची बातमी तुमच्याशिवाय आणणारं कोण आहे?

आता जे लिहिते ते कृपा करून हसण्यावारी नेऊ नका. दोन महिने रोज साडेतीनला जाग, नंतर झोप नाही, आणि सुंदर गोष्ट समोर असून काहीच न वाटणं, हे मला एकत्र वाचून काळजी वाटली. ठरल्या वेळेच्या खूप आधी जाग येणं आणि कशातच मन न लागणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं, तर डॉक्टर नैराश्याच्या दिशेने तपासतात. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमाराला झोप बिघडणं सर्रास घडतं. थायरॉइडनेही असं होऊ शकतं. म्हणजे कारण काहीही असू शकतं, पण ते तलावावर बसून कळणार नाही. या आठवड्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘झोप येत नाही’ एवढ्यावर न थांबता मला लिहिलंत ते सगळं सांगा. त्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं, किंवा एखाद्या पहाटे फारच अंधारून आलं, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांकडे गेलात म्हणून पहाटेचं बसणं सोडायचं नाही, आणि बसता आहात म्हणून डॉक्टर टाळायचे नाहीत.

ज्या दिवशी जाता येणार नाही त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच मिनिटं उभ्या राहा, गॅस पेटवायच्या आधी. सुदामा नगरात अजून झाडं आहेत. शिंपी नावाचा अंगठ्याएवढा पक्षी एवढा मोठ्याने ओरडतो की एकदा ओळखीचा झाला की रोज सापडतो. कचरागाडीचं गाणं सुरू व्हायच्या आत त्याला गाठायचं, एवढा नेम ठेवा.

एक घाई मात्र आहे. हिवाळ्याला आलेली बदकं, थापट्या आणि तलवार बदकं, आता निघायच्या तयारीत असतात. मार्चमध्ये ती उत्तरेला जायला लागतात. जाण्याआधीच्या दिवसांत थवे सारखे उठतात, गोल फिरतात आणि पुन्हा पाण्यावर उतरतात. त्या उतरण्याचा आवाज लांबूनही ऐकू येतो. रंगपंचमीच्या गेरीची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, गडबड शहरात सुरू व्हायच्या आत तुमच्या पहिल्या दोन-तीन पहाटी होऊन जाऊ द्या. आणि मग एखाद्या सकाळी जाल तेव्हा पाण्याचा मधला भाग मोकळा दिसेल, नुसते वारकरी आणि पाणकावळे उरलेले. तो कोणता दिवस होता ते मला कळवा. सोबत डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा.

तुमची,
ताई